प्रागला एकट्याने दोन दिवस जाताय? या चुका टाळा

प्राग पायी फिरण्यासारखं शहर आहे आणि एकट्या माणसाला तिथे कसली धास्ती वाटत नाही. पण सोबत कुणी असलं की ‘थांब, पाटी नीट वाच’ असं कुणीतरी म्हणतं. एकट्याला ते कुणी म्हणत नाही. माझ्या पहिल्या फेरीतल्या जवळजवळ सगळ्या चुका घाईतून झाल्या, आणि त्यातली सर्वांत मोठी तर घरी बसून बेत आखतानाच झाली होती.

ती चूक वारांची. शुक्रवारी दुपारी पोहोचायचं आणि रविवारी संध्याकाळी निघायचं, म्हणून मी शुक्रवार नदीकाठी भटकण्यात घालवला आणि शनिवार योसेफोव्हसाठी, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीसाठी, राखून ठेवला. शनिवार हा ज्यूंचा साबाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी ज्यू संग्रहालयाची सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) आणि जुनी दफनभूमी बंद असते. ज्यू सणांनाही बंद. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या जवळपास 80,000 ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. दफनभूमीत जागा संपली तशी मातीवर माती चढवून थरांवर थर रचले गेले, त्यामुळे शिळा एकमेकींना टेकून दाटीने उभ्या आहेत. सर्वांत जुनी 1439 ची. हे मला दुसऱ्या फेरीत पाहायला मिळालं. रविवारचंही तसंच आहे. किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल सकाळी प्रार्थनेसाठी राखीव असतं आणि पर्यटकांना दुपारी बारानंतरच सोडतात. म्हणून शुक्रवारी सामान टाकून थेट योसेफोव्ह गाठा, शनिवार सकाळ किल्ल्याला द्या आणि रविवारी उजाडताना चार्ल्स पुलावर जा. राजा चौथ्या चार्ल्सने 1357 मध्ये बांधायला घेतलेला हा पूल दहानंतर फक्त गर्दी दाखवतो. पुलावरचे बहुतेक पुतळे प्रतिकृती आहेत, पण पहाटेच्या धुक्यात त्याने काही बिघडत नाही.

किल्ल्याचा चढ खालून पायी चढत बसू नका. 22 नंबरची ट्राम पकडून पोहोर्झेलेत्सला उतरा आणि उताराने या. आवारात फिरायला तिकीट नाही, आतल्या वास्तूंना आहे. जुना राजवाडा मात्र घाईत उरकू नका. 1618 मध्ये बादशहाच्या अधिकाऱ्यांना इथल्याच खिडकीतून खाली फेकलं गेलं, आणि त्यातून युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध पेटलं.

पैशांची चूक बहुतेक जण करतात. चेक देश युरोपियन युनियनमध्ये असला तरी चलन कोरुना आहे. जुन्या शहरातल्या दुकानांत युरो घेतात, पण दर त्यांचा. पैसे बदलून देणाऱ्या दुकानावरची ‘शून्य कमिशन’ ही पाटी खरी असू शकते, कारण नफा आधीच दरात धरलेला असतो. खिडकीत पैसे सरकवण्याआधी ‘एवढ्या युरोचे हातात किती कोरुना?’ एवढंच विचारा. तरी फसलात, तर 1000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. 2019 पासून तसा कायदाच आहे. पावती घेऊन त्याच खिडकीवर परत जा. एटीएमने ‘तुमच्या चलनात हिशेब करू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा. रस्त्यात कुणी चांगल्या दराने पैसे बदलून देतो म्हणाला, तर थांबूही नका. दुसऱ्याच देशाच्या बाद नोटा हातात पडतात.

तिकीट काढलं म्हणजे काम झालं, असं नाही. कागदी तिकिटावर पिवळ्या यंत्राचा शिक्का लागतो. मेट्रोत तो फलाटाकडे जायच्या आधी मारायचा, ट्राममध्ये चढल्याबरोबर. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात. त्यांनी अडवलं तर आधी त्यांचा बिल्ला पाहा आणि दंडाची पावती घ्या. ट्राममधल्या यंत्रावर कार्ड टेकवून काढलेल्या तिकिटाला मात्र वेगळा शिक्का लागत नाही.

एकट्याने जेवायला संकोचू नका. पबमध्ये अनोळखी माणसं एकाच टेबलावर बसतात. ‘ये तू वोल्नो?’, म्हणजे ‘इथे जागा आहे का?’, एवढं विचारलं की पुरतं. वेटर टेबलावर कागदाची चिठ्ठी ठेवून दर पेयामागे रेघ मारतो. तोच तुमचा हिशेब, ती हरवू नका. शाकाहारींसाठी ‘स्मझेनी सीर’, म्हणजे तळलेलं चीज, जवळपास सगळीकडे मिळतं. सूपमध्ये मांसाचं पाणी आहे का, हे मात्र विचाराच.

जुन्या चौकात 1410 च्या खगोलीय घड्याळाखाली दर तासाला सगळे फोन वर धरून उभे असतात. खिसेकापू त्याच क्षणाची वाट पाहतात, तेव्हा पासपोर्ट आतल्या खिशात ठेवा. खेळ मिनिटभरात संपतो. मग टाउन हॉलच्या कोपऱ्यावरून चौकाकडे वळा आणि खाली फरशीकडे पाहा. तिथे 27 पांढरे क्रूस आहेत. 21 जून 1621 ला याच जागी 1618 मध्ये बादशहाविरुद्ध पेटलेल्या बंडाच्या 27 म्होरक्यांना मारलं गेलं. लोक त्यांच्यावरून चालत जातात.