लस टोचायला निघालात? आधी सांगा, रंग घेतला का

गेल्या कार्तिकात जिनिंगमागच्या वस्तीत कुत्र्यांना रेबीजची लस टोचायला गेलो, तेव्हा लस होती, बर्फ होता, डॉक्टर होते, पातेलंभर उकडलेले कोंबडीचे पाय होते. खुणेचा रंग नव्हता. सकाळी 26 कुत्री टोचली. संध्याकाळी परत गेलो तर समोर उभं आहे ते सकाळचंच की दुसरं, कळेना. वहीत नोंद होती, ‘तपकिरी, शेपूट वाकडं.’ तसली अकरा निघाली. लाल्या नावाची चार. एका आजीनं आपल्या कुत्र्याचा कान धरून विचारलं, “भाऊ, याले टोचं का नही?” आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. दोनदा टोचल्यानं कुत्र्याचं काही बिघडत नाही, पण डोस गेला तो गेला. नाल्यापलीकडची कुत्री तशीच राहिली. म्हणून ही यादी.

महिनाभर आधी स्वतःला टोचून घ्या. चावण्याआधीचे तीन डोस असतात: पहिला, सातव्या दिवशी दुसरा, आणि 21 किंवा 28 व्या दिवशी तिसरा. ज्याचे झाले नाहीत त्यानं वही धरावी, कुत्र्याला हात लावू नये. नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला पत्र, सोबत नोंदणीकृत पशुवैद्य, हे सांगायला नकोच. आणि रंग. आत्ताच मागवा, आदल्या रात्री बाजारात मिळत नाही.

मग मोजणी. दोन दिवस लागोपाठ पहाटे साडेपाचला वस्तीत चक्कर मारायची, उकिरड्यापासून शेवटच्या झोपडीपर्यंत. सोबत तिथलीच दोन पोरं घ्या. कोणतं कुत्रं कोणाच्या दारात झोपतं ते त्यांना पाठ असतं. शंभरातली सत्तर कुत्री टोचली गेली तर रेबीजची साखळी तुटते असं धरतात. पण मुळात किती आहेत तेच माहीत नसेल तर सत्तर टक्के कशाचे काढणार?

वेळ सकाळी सहा ते आठ. कापूस वेचणीच्या दिवसांत आठनंतर बाया शेतात गेलेल्या असतात, आणि ही कुत्री ऐकतात ती त्यांचंच. रोज भाकरीचा तुकडा टाकणारी बाई शेजारी बसली की कुत्रं मान खाली घालून उभं राहतं. ती नसली की जाळी, पळापळ, आरडाओरडा, आणि एक कुत्रं ओरडलं की बाकीची नाल्यात. आदल्या संध्याकाळी घरोघर सांगून ठेवा. कर्णा लावू नका.

लस 2 ते 8 अंशांतच राहायला हवी. आपल्याकडे थंडीतही दुपारचं ऊन चांगलंच लागतं, आणि चैत्र-वैशाखात तर हे काम काढूच नका. भुसावळचा पारा 45 ला टेकलेला असताना बर्फाचा खोका किती टिकणार? बर्फाला बाटली थेट चिकटवू नका, मध्ये कापड घाला. गोठलेली लस फेकून द्यावी लागते.

आता रंग. जनावरांवर खूण करायची मेणाची कांडी किंवा स्प्रे मिळतो, तोच हवा. पोळ्याला शिंगांना लावायचा ऑइल पेंट घरात उरला असेल, तो नको. कुत्रं अंग चाटतं आणि तो पोटात जातो. काव नको, गुलाल नको, पहिल्या लोळणीत जातात. लाल तर अजिबात नको, लांबून रक्त वाटतं आणि वस्तीत बोभाटा होतो की सुईवाल्यांनी कुत्रं मारलं. काळ्या कुत्र्यावर हिरवा दिसत नाही, म्हणून पिवळा पण घ्या. पट्टा ओढायचा कपाळापासून मानेपर्यंत, जिथे जीभ पोचत नाही. सुई निघाली की लगेच, कुत्रं सोडायच्या आधी. ‘हे झालं की रंग मारतो’ म्हणालात की संपलं. मेंढपाळ मेंढरांना खूण करतात ती काही हौस म्हणून नाही. खुणेसाठी गळ्यात फितीचे पट्टे बांधणार असाल तर दोन बोटं आत जातील इतके सैल, आणि पिल्लांना बांधूच नका. पिल्लू वाढतं, फीत वाढत नाही. तीन महिन्यांखालची पिल्लं वेगळी लिहून ठेवा, त्यांना नंतर टोचू.

मांजरांचं वेगळं. दुधाच्या वाटीला ती फसत नाहीत, सुकट ठेवा. ज्वारीच्या पोत्यात कोंबून आणलेलं मांजर आतच गुदमरतं. जाळीदार झाकणाची प्लास्टिकची क्रेट घ्या. टोचल्यावर मांजरालाही खूण. हो, मांजरालाही.

लोक बाकीचं विचारतीलच. खरजेवर जळकं ऑइल चोपडू नका म्हणून स्पष्ट सांगा, त्यानं कातडी भाजते आणि चाटलं की विष. ताप आलेल्या मांजराला माणसाची पॅरासिटामॉल दिली तर ते मरतं, एवढी एक गोष्ट सगळ्या घरांत पोचली तरी पुरे. नसबंदीचा दिवस मात्र निराळा ठेवा. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार ते काम मान्यताप्राप्त केंद्रात होतं आणि कुत्रं परत त्याच जागी सोडायचं असतं. वस्तीत मांडव टाकून ऑपरेशनं उरकायची नाहीत. भाद्रपदात माद्या माजावर येतात, त्याच्या आधी नंबर लागला तर बरं.

चावलंच तर साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं घड्याळ लावून, मग तडक सरकारी दवाखाना. हळद-चुना नको. कुत्र्याला लस झालेली आहे म्हणून माणसाची सुई टाळायची नाही.

सुया जाड डब्यात, डबा डॉक्टरांकडे. उरलेले कोंबडीचे पाय वस्तीतच वाटा. वहीतला आकडा आणि रिकाम्या बाटल्यांचे डोस जुळवा. वर्षानं परत टोचायचंय, तारीख लिहा. रंगाच्या दोन कांड्या दोघांच्या खिशात, एकाच्या नाही. आमच्यात ज्यानं ‘मी आणतो’ म्हटलं होतं तो त्या दिवशी लग्नाला गेला होता.