जुन्या नावाचा पटर परत आलाय? घेण्याआधी आणि घेतल्यावर या चुका टाळा

उद्यमनगरात माझं मशीनिंगचं छोटं वर्कशॉप आहे आणि मला गोल्फचा नाद आहे. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की कोल्हापुरात समोरचा आधी हसतो. खासबागेच्या कुस्तीच्या आणि शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलच्या गावातला माणूस सुट्टी काढून पुण्याला येरवड्यापर्यंत जातो, ते एक चेंडू हळूच ढकलायला, हे आमच्या पेठेत अजून कुणाला पटलेलं नाही. तरी आम्ही पाचसहा जण आहोत. आणि पटरचं, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर (ग्रीनवर) चेंडू होलकडं ढकलायच्या काठीचं, एखादं जुनं, बंद पडलेलं नाव बाजारात परत येतंय अशी बातमी आली की माझा फोन वाजतो. "दादा, तोच पटर परत आलाय. घेऊ काय?"

मी विचारतो, 'तोच' म्हणजे कोण? घोळ इथूनच सुरू होतो.

नाव परत आलं म्हणजे कारखाना परत आला असं समजणं

गोल्फमधली जुनी नावं जमिनीच्या सातबाऱ्यासारखी हात बदलत फिरतात. रॅम कंपनीचा झेब्रा हा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पटर सत्तरच्या दशकातला. १९९७ साली टिअरड्रॉप नावाच्या पटर कंपनीनं रॅम आणि टॉमी आर्मर ही दोन्ही जुनी नावं विकत घेतली, आणि तीनेक वर्षांत ती स्वतःच दिवाळखोरीत गेली. पुढं २००२ मध्ये ही सगळी नावं सायकली बनवणाऱ्या हफी कंपनीच्या पदरात पडली. झेब्राचं नाव अलीकडं पुन्हा पटरवर दिसायला लागलंय. आता सांगा, पट्टे तेच असले तरी त्यामागचा पॅटर्न, फाउंड्री, मिस्त्री यांतलं काय तेच राहिलं असेल? मिसळीच्या दुकानाचा बोर्ड तोच राहतो आणि कट करणारा हात बदलतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पटरच्या बाबतीत मात्र आपण बोर्ड वाचूनच पैसे मोजतो.

म्हणून परत आलेल्या मॉडेलबद्दल चार गोष्टी विचारा: हेड (काठीचा खालचा, चेंडूला लागणारा भाग) ओतीव आहे की सळईतून मिल केलेलं, म्हणजे मशीनवर कापून काढलेलं, धातू कोणता, हेडचं वजन किती, लॉफ्ट (फेसचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा, मागं झुकलेला कोन) किती. विक्रेता या चारांची उत्तरं टाळून फक्त 'वारसा' सांगत असेल तर मी तरी थांबतो.

याची उलट चूकही लोक करतात. आकार ओळखीचा दिसला की 'नक्कल आहे' म्हणून मोडीत काढतात. कार्स्टन सोलहाइम यांनी १९६६ मध्ये पिंगचा आन्सर पटर काढला. इंग्रजी 'आन्सर' शब्दातलं एक अक्षर गाळून हे नाव करायचं त्यांच्या पत्नी लुईस यांनी सुचवलं. वजन टोला (हेडचं पुढचं टोक) आणि हीलला (दांड्याकडचं टोक) वाटलेलं, मधे पोकळ. आज जवळजवळ प्रत्येक कंपनीकडं त्या घाटाचा पटर आहे. टायगर वुड्सनं आपल्या १५ पैकी १४ मेजर (गोल्फच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा) ज्या न्यूपोर्ट २ पटरनं जिंकल्या, त्याचा घाटही त्याच वंशातला. घाट सगळ्यांचा झालाय, त्यामुळं तपासायचं असेल तर काम किती नेटकं झालंय ते तपासा.

हेडचं वजन न बघता आठवणीवर विसंबणं

जॅक निकलसनं १९८६ चं मास्टर्स (चार मेजरपैकी एक) ४६ व्या वर्षी जिंकलं तेव्हा त्याच्या हातात मॅकग्रेगरचा भलामोठा ॲल्युमिनियम हेडचा पटर होता. त्यानंतर त्या मॉडेलच्या मागणीला कंपनी पुरी पडेना. आता त्याच्याकडं बघून जो घेतो तो आकार बघतो. पण ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून हेड एवढं मोठं करूनही हाताला जड झालं नाही, हे कुणी ध्यानात घेत नाही. तोच आकार पोलादात ओतला तर घण होईल.

जुन्या ब्लेड (पातळ, पट्टीसारख्या हेडच्या) पटरांची हेडं तीनशे ग्रॅमच्या आसपास असत. हल्ली ३४० ते ३७० ग्रॅम सर्रास मिळतं. त्यामुळं जुन्या नावाचा नवा पटर हातात घेतल्यावर पहिले पंधरा दिवस चेंडू कपच्या पुढं धावतो. पटर बिघडलेला नसतो, आपला हात जुन्या वजनाला सरावलेला असतो. घाईनं परत पाठवू नका. घरच्या सतरंजीवर नुसतं अंतर मोजत, होलचा विचार न करता, रोज वीस चेंडू मारा.

उलटं झालं, म्हणजे पटर लांब आहे म्हणून इंचभर कापला आणि मग हेड हलकं लागायला लागलं, तर ते स्वाभाविक आहे. दांडा कापला की हात हेडच्या जवळ येतात, म्हणून हेड हलकं भासतं. कापायचाच तर नेहमी ग्रिपच्या बाजूनं कापा, आणि सोलखाली (हेडच्या तळाला) शिशाची चिकटपट्टी थोडी थोडी लावत बघा. एकदम नको. आमच्यातल्या एकानं गुजरीतल्या, सोनारांच्या बाजारातल्या, ओळखीच्या काट्यावर शिशाच्या पट्ट्या मोजून आणल्या, अगदी गुंजभर फरक नको म्हणून. इतकंही नको. दोनपाच ग्रॅमनं सुरुवात केली तरी पुरे.

सोनेरी रंगाला पितळ समजणं

याला उपाय एक चुंबक. हेडला चिकटला तर आत पोलाद आहे, वर मुलामा. चिकटला नाही म्हणजे लगेच पितळ असं मात्र नाही. जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक लागत नाही, काही प्रकारच्या स्टेनलेसलाही नाही. स्वस्तातल्या सेटमधली जस्ताची हेडं मी पुष्कळ पाहिलीत. त्यांची मान वाकवायला गेलात की काडकन तुटते. लाय (दांड्याचा जमिनीशी असलेला कोन) बदलून घ्यायचा विचार असेल तर धातू कळल्याशिवाय व्हाइसमध्ये धरूच नका. पितळ, कांस्य सबुरीनं वाकतं. कडक केलेलं ओतीव स्टेनलेस सहजी ऐकत नाही.

आता एक गंभीर गोष्ट, आणि ही उद्यमनगरवाल्यांनी जरा थांबून वाचावी. परत आलेल्या नावाच्या निमित्तानं लोक घरातले, ओळखीतले जुने पटर बाहेर काढतात आणि 'जरा साफ करून दे' म्हणून आपल्याकडं आणतात. जुन्या पटरांत काही हेडं बेरिलियम कॉपरची आहेत. पिंगनंही ती केली होती. तांबूस-तपकिरी दिसतात, तांब्याची समजून कुणीही ग्राइंडरला लावेल. हातात धरायला, खेळायला त्याचा त्रास नाही. पण घासल्यावर उडणारी बेरिलियमची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाचा कायमचा आजार होऊ शकतो. असं हेड ओल्या फडक्यानं पुसून ठेवून द्यावं. ग्राइंडर नको, बफ नको, पॉलिश पेपरही नको. धातू ओळखता येत नसेल तरीही नको.

बफिंग

आमच्यातले एक काका पुण्यात नोकरीला असताना गोल्फ शिकले. त्यांचा पितळी हेडचा पटर चाळीसेक वर्षांचा, काळपट पडलेला. त्याच नावाचा नवा पटर येतोय असं वाचल्यावर त्यांना जुन्याला उजळा द्यायची हुक्की आली. मला न विचारताच बफिंगला, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चमकवायला, देऊन आले. संध्याकाळी वर्कशॉपात शिरले, पिशवीतून काढला आणि म्हणाले, "बघ रे, कसा साजासारखा चमकतोय!"

चमकत होता खरा. मी फेसवर स्ट्रेटएज (सरळ धारेची पट्टी) टेकवली आणि ट्यूबलाइटकडं धरली. मधे टेकत होती आणि दोन्ही टोकांना उजेडाची बारीक फट. टोच्या बाजूला ०.२ मिमीची फीलर (फट मोजायची) पट्टी सहज आत गेली. बफच्या चाकानं कडा खाल्ल्या होत्या, सपाट फेसला पोट आलं होतं आणि वरची नेम धरायची रेघ पुसून गेली होती. काकांचा चेहरा उतरला. म्हणाले, "पण केसभरच आहे की."

केसाचं गणित मी त्यांना खडूनं फरशीवर मांडून दाखवलं. होलचा व्यास १०८ मिमी, म्हणजे मध्यापासून काठापर्यंत ५४. पटरचा फेस एक अंशानं चुकला तर ३ मीटरवर चेंडू ५२ मिमी बाजूला जातो. म्हणजे सपाट ग्रीनवर एका अंशात चेंडूचा मध्य होलच्या काठावर पोहोचला. चेंडू कुठं निघणार हे मुख्यतः फेसच्या तोंडावर ठरतं, हात कसा फिरला त्याचा वाटा कमी. पोट आलेल्या फेसवर मधोमध लागला तर ठीक, जरा टोच्या बाजूला लागला की दिशा वेगळी. आणि मधोमध रोज कुणाचा लागतो?

काळपट पितळ खेळायला काहीच वाईट नाही. उन्हात डोळ्यांवर चमक येत नाही, उलट बरंच.

चेंडू सारखा डावीकडंच जातोय

नवा पटर घेतल्यावरची ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. आधी स्वतःला दोष देऊ नका, आधी ग्रिप बघा. पटरच्या ग्रिपला पुढच्या बाजूला एक सपाट पट्टा असतो, अंगठे टेकायला. तो फेसशी काटकोनात हवा. ग्रिप बदलताना तो दोनतीन अंश फिरून बसला तर अंगठे सरळ ठेवल्यावर फेस आपोआप मिटतो किंवा उघडतो. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा मिटला की चेंडू डावीकडं. जुन्या पटरची कडक झालेली ग्रिप घरच्या घरी बदलणाऱ्यांचं हे हमखास होतं. डबल टेप ओली असते तोवरच फेस भिंतीला टेकवून पट्टा जुळवा.

ग्रिप सरळ असेल तर पटर आडवा करून दांडा बोटावर तोला. फेस आभाळाकडं बघत राहिला तर तो फेस-बॅलन्स्ड, टो खाली लोंबला तर टो-हँग. हात सरळ मागं-पुढं जाणाऱ्याला पहिला आणि कमानीत फिरणाऱ्याला दुसरा, असं सांगतात. मी याला धर्मग्रंथ मानत नाही, पण तीस वर्षं टो लोंबणारा पटर वापरलेल्या माणसानं एकदम पट्ट्यापट्ट्यांचा मॅलेट (रुंद, जाड हेडचा पटर) घेतला तर डावी-उजवी चुकणारच.

लायबद्दल मात्र लोक फार घाबरतात. टो थोडा उचललेला असेल तर पटरचा लॉफ्ट जेमतेम तीनचार अंश असल्यामुळं दिशेत पडणारा फरक अगदी किरकोळ असतो. हील गवतात अडकत असेल तरच त्याकडं बघा.

चेंडू सुरुवातीला टुणकन उडत असेल तर लॉफ्ट तपासा. जुन्या काळी ग्रीनचं गवत उंच आणि संथ, म्हणून पटरला लॉफ्ट जास्त ठेवत. परत आलेलं मॉडेल 'अगदी मूळ मापाचं' असेल तर तो लॉफ्टही परत आलाय का, ते विचारा. सरफेस प्लेट (मापायची सपाट फरशी) आणि बेव्हल प्रोट्रॅक्टर (कोन मोजायचं साधन) असेल तर पाच मिनिटांचं काम.

हेड हलवल्यावर आत खडखड येतेय? बहुतेक वेळा दांड्यात सुटलेला चिकटपदार्थाचा खडा असतो. ग्रिप काढून दांडा उलटा करा, पडेल. हेडच डुगडुगत असेल तर खेळू नका. जुन्या काही मॉडेलांत दांड्याचं टोक फुलासारखं पसरट असायचं, हेडवर वरून बसणारं. तसला दांडा आज सहज मिळत नाही, म्हणून दांड्याला इजा न करता सांधा सोडवा.

पावसाळा

मिल केलेलं कार्बन पोलादाचं हेड कोल्हापूरच्या पावसात कव्हरमध्ये घालून ठेवलंत तर गणपतीपर्यंत तांबेरा धरेल. ओलं कव्हर हेडवर चढवून ठेवायचं नाही, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं. खेळून आल्यावर कोरडं पुसा, मशीन ऑइलचा हात फिरवा. गंज आलाच तर तेल आणि मऊ फडकं वापरा.

काकांच्या पटरचं पुढं असं झालं. जबड्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून हेड धरलं, फेसवरून अगदी हलका कट मारला, पुन्हा स्ट्रेटएज लावली. उजेड दिसेनासा झाला. रेघ नव्यानं आखली, गेलेलं वजन शिशानं भरून काढलं. पृष्ठभागावर मिलिंगच्या बारीक खुणा राहिल्या. काकांना त्या आवडल्या नाहीत, पण गच्चीवरच्या मॅटवर सात-आठ चेंडू मारल्यावर ते गप्प झाले. नव्या पटरची ऑर्डर मात्र त्यांनी दिलीच. तो आला की घरी न्यायच्या आधी माझ्या सरफेस प्लेटवर यायचा असं ठरलंय, आणि कोपऱ्यावरच्या बफिंगवाल्याला मी सांगून ठेवलंय की हे काका काहीही घेऊन आले तरी आधी मला फोन कर.