कोकणात लाकडी जमीन घालताय? या चुका टाळा

गणपतीच्या आदल्या आठवड्यात माझ्या चुलतभावाने देवगडजवळच्या घराचं कुलूप काढलं, तर दार निम्म्यातच अडलं. मधल्या खोलीची जमीन वर आली होती. मे महिन्यात हौसेने घातलेलं लॅमिनेट सांध्यावर तंबूसारखं उभं. कौलं गळली असणार म्हणून तो आधी माळ्यावर चढला. माळा खडखडीत कोरडा. मग गवंडी आला, एक फळी उचलली, खालच्या कोब्यावर तळहात टेकवला नि म्हणाला, "पाणी वरसून नाय, खालसून इला."

कोकणातल्या जमिनींची बरीचशी दुखणी या एका वाक्यात येतात. जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात जमिनीतली ओल जोत्यातून वर चढते. शेणाने सारवलेली जमीन ती ओल हवेत सोडून द्यायची, म्हणून कुणाला पत्ता लागत नसे. तिच्यावर घट्ट काही अंथरलं की ओल कोंडते. आणि आपण उपाय काय करतो, तर वरून आणखी एक हात वॉर्निश.

ओल की घाम?

पैसे खर्चण्याआधी हे तपासा. फूटभर लांबरुंद प्लास्टिकचा कागद जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस हात लावू नका. कागदाच्या वर पाणी जमलं तर तो घाम: दमट वारा गार फरशीला लागून पाणी सुटतं. खिडक्या, पंखा याकडे बघा. कागदाच्या खाली थेंब दिसले किंवा फरशी काळपट पडली तर ओल खालून आहे. ही तपासणी ऐन श्रावणात करावी. फेब्रुवारीत केलीत तर कुठलीही जमीन पास होते.

ओल खालून असेल तर जमीन उखणून, सोलिंग म्हणजे दगडांचा थर करून, जाड प्लास्टिक अंथरून वर काँक्रीट, हाच खरा उपाय. प्लास्टिकचे जोड एकावर एक चढवून भिंतीपर्यंत न्यायचे. तेवढा खर्च झेपत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: तळमजल्यावर लाकडाचा नाद सोडा, हौस माळ्यावर भागवा.

लाकूड कुठलं, त्याहून ते किती सुकलंय

लॅमिनेट म्हणजे दाबलेला लाकडाचा भुसा नि वर छापील चित्र. पाणी पिऊन एकदा कड फुगली की ती परत बसत नाही. भरीव लाकडात साग उत्तम, पण गाभ्याचाच. बाहेरचं फिकट लाकूड सागाचं असलं तरी वाळवी सोडत नाही. फणसही चांगला, वर्षागणिक रंग गडद होत जातो. आईन, किंजळ तुळयांना भक्कम, पण ओल्या फळ्या ठोकल्या तर पीळ धरतात. आंब्याला कीड फार लवकर लागते. माडाचं सागाच्या उलट: कडेचं लाकूड टणक, आतलं भुसभुशीत.

लोक घाटावर उन्हाळ्यात सुकलेल्या फळ्या आणून दुसऱ्याच दिवशी गच्च बसवतात. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. रुंदी अवघी 1 टक्का वाढली तरी 10 फुटी खोलीत मिळून 30 मिलिमीटर होतात. ते जाणार कुठे? म्हणून फळ्या त्याच खोलीत, मधे पट्ट्या घालून, दोन-तीन आठवडे रचून ठेवा. भिंतीकडेला जागा सोडा. ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली झाकली जाते. सुतार भिंतीला चिकटवून द्यायला बघेल. तेव्हा तिथे उभं राहायचं.

खिळे साधे लोखंडी नकोत. खाऱ्या हवेत ते गंजतातच, शिवाय सागाआइनासारख्या लाकडात खिळ्याभोवती काळा डाग पसरतो. पितळी किंवा स्टेनलेस स्क्रू घ्या. बांबूची जमीन करायची तर बोरॅक्स आणि बोरिक पावडरच्या पाण्यात मुरवलेलाच बांबू घ्या. नाहीतर कीड लागून खाली पिठासारखा भुगा पडत राहील.

जूनमध्ये कुलूप लावून थेट गणपतीला येणाऱ्यांनी पावसाळ्यात अधूनमधून कुणाकडून तरी खिडक्या उघडून घ्याव्यात. बंद घरात चांगल्या सागावरही बुरशी येते.

भावाने शेवटी मधल्या खोलीत शहाबादी फरशी टाकली. पहिल्याच महिन्यात तिच्यावर कोकमाच्या आगळाच्या बरणीच्या बुडाचं पांढुरकं, खरखरीत कडं उमटलं. शहाबादी हा चुनखडीचा दगड, आंबट पडलं की झिजतो. कोटा नि कडप्पाही तसेच. वहिनी ते कडं घासायला ॲसिडची बाटली घेऊन बसल्या होत्या, वेळेवर हात धरला.