प्रार्थनेचा विषय देताना चहाडी कशी टाळावी

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कोणी शिवी दिली तर ती सगळ्यांना खटकते आणि त्याला तिथल्या तिथे आवरलं जातं. लावालावी मात्र प्रार्थनासभेत, कोणासाठी प्रार्थना करायची तो विषय सांगण्याच्या पाच मिनिटांत बिनबोभाट होते. “त्यांच्या घरासाठी प्रार्थना करा हं, मुलगी रात्री उशिरा येते म्हणे.” ऐकणाऱ्याला ती काळजी वाटते, बोलणाऱ्यालाही वाटते, आणि म्हणूनच ती पकडली जात नाही. लावालावी करणारा गुपित फोडतो, विश्वासू माणूस ते झाकून ठेवतो, असं बायबलमधलं नीतिसूत्रे ११:१३ सांगतं. विषय देताना हीच कसोटी लावायची.

आधी त्या व्यक्तीला विचारा: “सभेत तुमच्यासाठी प्रार्थना मागू का? काय सांगू?” ती जेवढं सांगेल तेवढंच सभेत बोला. ती नको म्हणाली तर घरी एकट्याने प्रार्थना करा.

विषय दोन वाक्यांत बसला पाहिजे: कोणासाठी आणि देवाकडे काय मागायचं. झालं कशामुळे, चूक कोणाची, तुम्हाला कळलं कुठून, हे गाळा. “म्हणे”, “ऐकलंय”, “तुमच्यातच ठेवा” असं काही ओठांवर आलं, तर तो विषय तुमचा नाही असं समजा. नाव न घेतल्याने सुटका होते असंही नाही. चाळीस घरांच्या मंडळीत “एक बहीण, नवरा नुकताच परगावी गेलाय” एवढ्यावरून सगळे ओळखतात, आणि चुकीचं ओळखलं तर भलतीच बदनाम होते. ओळख पटण्याजोगी खूण असेल तर विषय मांडूच नये.

प्रार्थनेतही हाच धोका असतो. “प्रभू, तू जाणतोस, त्याने काल पुन्हा पिऊन मारहाण केली” ही देवाला नव्हे, शेजारच्या खुर्चीला दिलेली बातमी आहे. मागण्याआधीच पित्याला गरज ठाऊक असते (मत्तय ६:८). सभा चालवणाऱ्याने अशा वेळी संकोच करू नये. “ताई, एवढं पुरे, आता आपण प्रार्थना करू या,” असं हळू आवाजात म्हणून लगेच सुरुवात करावी. व्हॉट्सॲप गटात आजाराचं नाव, वॉर्ड, रुग्णाचा फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नये; तो तासाभरात दुसऱ्या गावी पोचतो.

तक्रार तुमची स्वतःची असेल, तर ती प्रार्थनेचा विषय करून फिरवू नका. मत्तय १८:१५-१७ मधला क्रम पाळा. आधी एकट्याने, समोरासमोर जा. एकच प्रसंग घ्या: कोणत्या दिवशी, काय बोललं गेलं, मला काय लागलं. “तू नेहमीच” म्हणालात की तो जुने हिशेब काढतो आणि मूळ गोष्ट राहून जाते. मग गप्प बसून त्याचं पूर्ण ऐका. ऐकण्याआधी उत्तर देणं मूर्खपणाचं आहे, असं नीतिसूत्रे १८:१३ स्पष्ट म्हणतं. जमलं नाही तर एक-दोघांना सोबत न्या. बहुतेक लोक इथेच चुकतात: स्वतःचा मेहुणा किंवा जिवलग मित्र नेतात, आणि समोरच्याला वाटतं, टोळी आली. तुम्हालाही चूक दाखवू शकेल असा वडीलधारा न्या. मंडळीपुढे गोष्ट जाते ती यानंतर.

मारहाण आणि मुलांवरचे अत्याचार यांना हा क्रम लावू नका. तिथे “कुजबुज नको” म्हणून गप्प बसणं पीडितालाच एकटं पाडतं; मुक्यांसाठी तोंड उघड, असं नीतिसूत्रे ३१:८ सांगतं. पीडितेला मारणाऱ्याशी एकांतात बोलायला कधीही पाठवू नका. तिची सुरक्षितता आधी पाहा, तातडीची वेळ असेल तर ११२ वर फोन करा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाळकाला, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूला, सांगितलं म्हणजे ती जबाबदारी संपत नाही. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनीही आहे.

बोलून चुकला असाल, तर ज्यांना सांगितलं त्यांच्याकडे आधी जा: “ते सांगायचा मला अधिकार नव्हता, पुढे नेऊ नका.” गटातला मजकूर सर्वांसाठी डिलीट करा. मग त्या व्यक्तीला भेटून काय सांगितलं आणि कोणाकोणाला, ते नावानिशी सांगा, म्हणजे सभेत कोण काय जाणतं हे तिला कळेल.