पुण्यातून हिमालयातल्या वनस्पतींकडे

आमच्या गॅलरीत कुंडीत ब्रह्मकमळ आहे. मी हिमालयातल्या वनस्पतींवर काम करणार म्हटल्यावर आई म्हणाली, "मग हे इथं आहेच की!" पण कुंडीतलं ते निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं अमेरिकेकडचं. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याच्या फुलांना पातळ, फिकट सहपत्रं (फुलालगतची पानासारखी आवरणं) वेढून असतात आणि आत ऊब राहते.

थंडीतल्या झाडांना तापमानवाढ मानवेलच, असं मलाही वाटायचं. घडतं भलतंच. बर्फ ही त्यांची गोधडी असते. वर हवा उणे पंधरा अंश असली, तरी जाड थराखालची माती शून्याच्या आसपासच राहते. ही गोधडी लवकर निघाली की कळ्या लवकर फुटतात आणि मग एखाद्या रात्रीच्या कडाक्यात करपतात. म्हणजे हवा तापते आणि रोप गारठून मरतं! दुसरीकडे, खालच्या उंचीवरच्या जाती वर सरकतात. युरोपातल्या 302 शिखरांच्या नोंदींवरून 2018 साली दिसलं, की माथ्यांवरच्या जातींची संख्या वाढतेय आणि तो वेगही वाढतोय. माथ्यावरच्या मूळ रहिवाशांनी मात्र आणखी वर कुठे जायचं?

उत्तराखंडातल्या तुंगनाथच्या बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, पहिल्या हंगामात, मी हवामान केंद्राचं तापमान वापरलं. ते माणसाच्या उंचीवरचं. माझं रोप बोटभर. उन्हात जमिनीलगतची गादीसारखी रोपं हवेपेक्षा दहा अंशांहूनही जास्त तापतात. माझी अख्ख्या हंगामाची तुलना बाद झाली. तेव्हा तुम्हीही या कामात उतरणार असाल, तर डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवत राहणारं छोटं यंत्र) रोपाच्याच उंचीला लावा, त्या यंत्रावर सावली करा आणि आणखी एक मातीत पुरा.

सराव पुण्यातच करा. वेताळ टेकडीवरच्या दहा झाडांना खुणेच्या चिठ्ठ्या बांधा आणि दर रविवारी जाऊन पहिली कळी, पहिलं फूल, पानगळ टिपून ठेवा. एक वर्ष, न चुकता. नमुने दाबणं आणि ओळखणं शिकायला आघारकर संस्थेचं किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या इथल्या केंद्राचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह, आहे. पावसाळ्यात कासला जा. तिथं थंडी नाही, पण उथळ माती आणि काही आठवड्यांत उरकायचं आयुष्य तसंच.

'आयटेक्स' या थंड प्रदेशातल्या वनस्पतींवर तापमानवाढीचा परिणाम तपासणाऱ्या, 1990 पासूनच्या प्रयोगातल्या, वरून उघड्या, पारदर्शक षट्कोनी पेट्यांबद्दल वाचा. त्या आतली हवा एक ते तीन अंशांनी वाढवतात. वनखात्याच्या परवानगीचा अर्ज हिवाळ्यातच टाका. आणि नोंदी पेन्सिलीनं करा, तिकडे डोंगरावर दुपारी बऱ्याचदा पाऊस येतो.