लहान पिल्लांची नसबंदी : आधीची तयारी आणि नंतरची काळजी

मांजरी चौथ्या महिन्यातच माजावर येऊ शकते, आणि एकाच घरात वाढणारी सख्खी भावंडेही तेव्हा एकमेकांना ओळखत नाहीत. हे बहुतेकांच्या लक्षात येते ते तिचे पोट दिसू लागल्यावर. गर्भ राहिल्यापासून साधारण नऊ आठवड्यांत पिल्ले होतात आणि त्यांच्यासाठी घरे शोधत फिरावे लागते. म्हणून मांजरांची, मग ती मादी असो वा बोका, नसबंदी पाच महिन्यांच्या आत उरकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पिल्लू निरोगी आणि साधारण एक किलो वजनाचे असेल, तर अनुभवी पशुवैद्य ही शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या वयातही करतात. लवकर नसबंदी केल्यास बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद राहतो, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही.

कुत्र्यांबाबत मात्र सरसकट एकच वय सांगता येत नाही. गावठी कुत्रीची शस्त्रक्रिया पहिल्या माजाच्या आधी केल्यास पुढे स्तनांच्या गाठी होण्याचा धोका बराच घटतो, आणि गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नच उरत नाही. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ या समजुतीला कोणताही वैद्यकीय आधार नाही. लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांसारख्या थोराड जातींची हाडे उशिरा पक्की होतात आणि फार लवकर नसबंदी केल्यास त्यांना सांध्यांचे विकार जडण्याची शक्यता वाढते. त्यामुळे तेथे वर्षभर थांबावे का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. नर पिल्लाचे दोन्ही वृषण खाली उतरले आहेत की नाहीत, हेही त्याच वेळी तपासून घ्यावे.

तारीख ठरवण्यापूर्वी जंताचे औषध आणि वयानुसार लसी झालेल्या असाव्यात. ‘इतक्या लहान पिल्लांना आपण नेहमी भूल देता का, आणि शस्त्रक्रिया चालू असताना त्यांना ऊब कशी देता?’ असे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही.

खरी चूक होते ती उपाशी ठेवण्यात. मोठ्या जनावराप्रमाणे पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवले, तर त्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते, कारण त्याच्या शरीरात साठा फारच थोडा असतो. चार महिन्यांखालील पिल्लाला शस्त्रक्रियेच्या दोन ते चार तास आधी थोडेसे खायला द्यावे, नेमकी वेळ डॉक्टरांकडून घ्यावी आणि पाणी तोडू नये. शक्यतो सकाळची पहिली वेळ मागावी.

दुसरा धोका थंडीचा. भुलेखाली पिल्लाचे अंग लवकर गार पडते. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत गंगापूर रोडवरून दुचाकीने पिल्लू घरी आणताना वाऱ्याचा मारा किती असतो, हे आपण जाणतोच. त्या दिवसांत रिक्षा करावी. टोपलीत जाड टॉवेल अंथरून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवावी, म्हणजे पिल्लाला नको असेल तेव्हा बाजूला सरकता येते. शुद्धीवर येऊन ते नीट मान धरू लागले की लगेच थोडे मऊ अन्न द्यावे. ते मलूल पडले, हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या किंवा अंग थरथरू लागले, तर हिरड्यांना बोटाने किंचित मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळून तत्काळ दवाखाना गाठावा.

दुसऱ्याच दिवशी पिल्लू उड्या मारू लागते, आणि नेमके तेव्हाच त्याला आवरावे लागते. दहा दिवस अंघोळ नको, कट्ट्यावरून उड्या नकोत, आणि टाके चाटत असेल तर गळ्यातला कोन (चाटू नये म्हणून घातलेली शंकूसारखी कॉलर) काढू नये. रोज सकाळी उजेडात जखम पाहावी : कडा जुळलेल्या आणि कोरड्या असाव्यात. जखमेवर हळद, तेल किंवा पावडर लावू नये. घरातले पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नये. मांजराच्या दृष्टीने ते विषच आहे. सूज वाढली, पाणी किंवा रक्त झिरपू लागले अथवा पिल्लाने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर टाके काढण्याच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.