वयोगट भरणाऱ्या स्क्रिप्टची माहिती कशी लिहावी

मालवणात बसून आम्ही दशावतारावरचा गेम बनवतो. राक्षसाशी तलवारबाजी आहे, रक्त नाही. गेम कुठल्या वयापासून चालेल, ही ॲपलच्या ॲप स्टोअरची प्रश्नावली आमची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, भरते. म्हणून स्क्रिप्टची माहिती लिहिणाऱ्या पोरांना मी सांगतो: जेसन (JSON) फाइल, म्हणजे उत्तरांची फाइल, कुठे ठेवायची ते आधी लिहा, मग प्रत्येक उत्तरामागचं कारण. 'कार्टून हिंसा: क्वचित' एवढ्याने भागत नाही, कुठल्या प्रवेशात, तेही हवं. जुगाराला फक्त हो किंवा नाही. ॲपलने २०२५ मध्ये १२+ आणि १७+ हे वयोगट काढून १३+, १६+, १८+ आणले, तेव्हा जुने स्क्रीनशॉट उडवा. गूगल प्लेची प्रश्नावली त्यांच्या प्ले कन्सोल या वेबसाइटवर हाताने भरायची, आपली स्क्रिप्ट तिथे जात नाही, हे ठळक लिहा. आणि पावसात लाइट जातेच. स्क्रिप्ट अर्ध्यावर तुटली तर पुन्हा चालवावी का, ते स्वतः करून बघूनच लिहा.